डोंगर चढलेला ओढा

मी एकदा एक ओढा डोंगरावर चढवला होता. मोटेनं नाही, पंपानं नाही, शाईच्या टाकानं. चांगला वाहता ओढा, तो मी टेकाडावरून पलीकडं नेला आणि दुसऱ्याच नदीला देऊन टाकला. लोक धरणं बांधून, बोगदे खणून जे करतात, ते मी बसल्या जागी, चहा निवायच्या आत केलं. तेव्हा मी बाविशीतली. पाठीवर लांब वेणी आणि डोक्यात एक पक्की समजूत, की आपला हात सुंदर आहे म्हणजे काम बरोबरच असणार. ती पोरगी आज मला आमच्या गावच्या औरंगपुऱ्यात भेटली, तर मी तिला ओळख दाखवणार नाही.

मी ट्रेसर होते. हा शब्द आता मेला. माझ्या नातीला बरेच दिवस वाटायचं, की आजी चोरांचा माग काढायची, आणि मीही तिचा गैरसमज दूर करायची घाई केली नाही. ट्रेसर म्हणजे नकाशाची नक्कल करणारी. मूळ नकाशा टेबलावर पसरायचा. त्यावर निळसर, आरपार दिसणारं, खळ दिलेलं कापड ताणून बसवायचं. खडूची भुकटी चोळून त्याचा तेलकटपणा काढायचा आणि खालची रेघ न् रेघ वर काळ्या शाईनं गिरवायची. मग त्या कापडावरून अमोनियाच्या वासात निळ्या प्रती निघायच्या आणि साहेब लोक त्या गुंडाळून जीपमधून कालव्यांवर घेऊन जायचे.

त्या कापडाचा एकच शत्रू, पाणी. थेंब पडला की खळ विरघळायची आणि कायमचा डाग. आमचं ऑफिस पाण्याच्या कामाचं, दिवसभर आम्ही नद्या काढायचो आणि प्यायच्या पाण्याचा माठ मात्र दाराबाहेर. उन्हाळ्यात मनगटाला रुमाल बांधायचा, बांगड्या वर सरकवायच्या, कपाळाचा घाम पदरानं आधीच टिपून ठेवायचा. एकदा मला शिंक आवरली नाही आणि गंगाखेडच्या वर एक तलाव झाला. साहेबांनी विचारलं, "हा कुठला?" मी म्हणाले, "प्रस्तावित आहे." ऑफिसचं नाव सांगत नाही. तिथले दोघंतिघं पेन्शनर अजून सकाळी फिरायला भेटतात.

आमचे हेड ड्राफ्ट्समन करीमचाचा. मूळचे खुलताबादचे. पोलीस ॲक्शनच्या आधीपासून ते नकाशेच काढत आलेले. पुढं राज्य बदललं, जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबईकडं गेला, ऑफिसातली उर्दू जाऊन मराठी आली. जुन्या नकाशांवरची गावांची नावं उर्दूत होती, ती चाचा वाचून दाखवायचे आणि मी मराठीत लिहायचे. त्यांना या सगळ्याचं फार काही वाटायचं नाही. "सरकार बदलती बेटी," ते म्हणायचे, "गंगा वहींच है."

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. काशीची ती दुसरी.

मी नोकरीला लागले त्या दिवशी चाचांनी मला टेबलाजवळ फिरकूच दिलं नाही. खाम नदीच्या पुलावर नेलं. खाली ती काळपट धार वाहत होती. जन्मापासून याच गावात राहून मी तिला नालाच म्हणत आले होते. चाचा म्हणाले, "ये हर्सूलके ऊपरसे आती, गंगाकू जाती. तू इधर चूळ भरी, तो राजमुंद्रीके आगे समुंदरमें पडती." मला हसू आलं. पण संध्याकाळी घरी हातपाय धुताना मोरीतून पाणी खळखळत गेलं आणि मी तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. आई बाहेरून ओरडत होती, "अगं, पाणी काय फुकटचं आहे?" तिला काय सांगणार, की मी समुद्राला पाणी पाठवतेय.

चाचांचा नियम होता, नदी उगमापासून काढायची. मुखाकडून कधीच नाही. टाक केसासारखा हलका टेकवायचा आणि जिथं जिथं ओढा येऊन मिळेल, तिथं तिथं अंमळ दाब वाढवत न्यायचं. म्हणजे रेघ आपोआप जाड होत जाते. "तू उसकू मोटी नक्को कर. वो जैसी हुई वैसी होने दे." त्यांच्या खुलताबादवर पाऊस पडला, की एका उतारावरचं पाणी वेरूळकडं उतरतं, शिवना नदीला मिळतं आणि पैठणच्या वरच गंगेत येतं. दुसऱ्या उतारावरचं गिरिजेत जातं, गिरिजेतून पूर्णेत, आणि पूर्णा लांब हिंडत हिंडत पार परभणीच्या पुढं गंगेला भेटते. एकाच ढगातले दोन थेंब, एकाच छपरावर पडलेले. एक आढ्याच्या इकडून गेला, एक तिकडून, आणि किती मुलूख पाहून पुन्हा एका पात्रात. हे मी रोज शाईनं काढायचे आणि रोज मला नवल वाटायचं. सबंध खोरं पहिल्यांदा एका कापडावर पुरं झालं, तेव्हा मी खुर्चीवर चढून वरून पाहिलं. न्हाऊन मोकळे सोडलेले केस कुणीतरी पेड घालून विंचरत आणावेत आणि खाली एकच वेणी उरावी, तसं ते दिसत होतं. त्या वेणीतला केस न् केस माझ्या हातचा. मी फुगले नाही तर काय.

नकाशेवाली बाई म्हणून लोकही यायचे. दोघा भावांच्या विहिरींना एकच झरा आहे का, ते विचारायला. एक गृहस्थ मुलीचं स्थळ घेऊन आले. त्यांचं म्हणणं, लेक द्यायची ती नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे माहेरचं पाणी तिला रोज पोचतं. मुलाचं गाव वरच्या अंगाला निघालं. गृहस्थ हिरमुसून गेले. मुलगा कसा होता, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता तो ओढा.

कन्नडच्या वर घाटमाथ्यावर डोंगराची कड आहे. तिच्या दक्षिणेला पडलेलं पाणी शिवनेतून गंगेत येतं आणि पूर्वेच्या समुद्राला जातं. उत्तरेला पडलेलं खाली खानदेशात उतरतं, गिरणेत, गिरणेतून तापीत, आणि पश्चिमेच्या समुद्राला. मधली जागा काही ठिकाणी एवढी अरुंद, की दोन पाय फाकवून उभं राहिलं तर एक पाय एका समुद्राचा आणि एक दुसऱ्याचा. ते मला तेव्हा माहीत नव्हतं, कारण माझा पाय टेबलाखालून कधी निघालाच नव्हता.

त्या भागाचा नकाशा दोन शीटांचा, खळीनं एकमेकांना चिकटवलेला. वरच्या शीटवर एका वाडीपासून निघालेला ओढा दक्षिणेला येऊन बरोबर त्या जोडात शिरत होता. खालच्या शीटवर, जोडापासून बोटभर अंतरावर, एक ओघळ सुरू होऊन शिवनेकडं निघाली होती. मधे कोरी जागा. भरतकामात टाका सुटलेला दिसावा, तशी ती मला खुपली. मनात म्हटलं, आधीच्या माणसाचा हात चुकला. मी टाक टेकवला आणि एका दमात जोडून टाकलं. रेघ इतकी सुरेख आली, की मी मान तिरकी करून पाहत बसले. डोंगरांच्या रेषा वेगळ्या शीटवर, मागाहून गिरवायच्या होत्या, त्यामुळं वाटेत काही आहे असं सांगणारं कुणी नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात भर दुपारी एक म्हातारे आले. धोतर, डोक्याला रुमाल, हातात काठी. नाव दगडूबा. आले आणि माझ्या टेबलाजवळ खाली बसले. खुर्ची दिली तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, खुर्चीवर मला बोलता येत नाय." मग म्हणाले,

"नकाशा तुमीच काढता का, बाई?"

"मीच."

"मंग येक सांगा. आमच्या वाडीचा वढा गंगंला जातो का नाय?"

त्यांनी वाडीचं नाव सांगितलं आणि मी उडालेच. तीच वाडी. मी म्हटलं, "कशाला पाहिजे?"

त्यांची बायको कौतिकाबाई चैतात गेली होती. तिचं माहेर पैठणच्या वर, अगदी गंगेच्या काठाला. लग्न होऊन ती घाटमाथ्यावर आली. पंचमीला लेकी माहेरी जातात, पण हिला सासू पाठवायची नाही. मग ती दर पंचमीला ओढ्यावर जायची आणि पानांच्या द्रोणात हळदकुंकू, लाह्या ठेवून सोडून द्यायची. आपण नाही तर नाही, लाह्या तरी माहेरी पोचतील. पुढं सासू गेली, हाती सत्ता आली, माहेरी जाणंयेणं सुरू झालं, तरी हिनं द्रोण सोडायचं सोडलं नाही. आणि आता पैठणच्या धरणात पाणी अडलं, माहेरचं गावही त्याच्याखाली गेलं, भाऊ-भावजया कुठं कुठं पांगले.

"मरताना म्हनाली, मला यष्टीनं नेऊ नका. वढ्यानं सोडा. माज्या लाह्या गेल्या त्या वाटंनं मला जाऊ द्या." दगडूबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "हाडं फडक्यात बांधून लिंबाला टांगलीत. वढा आता कोरडा हाय. पानी आलं का सोडायची. पर गावात नवा मास्तर आलाय, त्यो म्हनतो, वढा फुडं जाऊन फिरतो आन् खाली खानदेशात पडतो."

"तुम्ही कुणी जाऊन पाहिलं नाही?"

"पाह्यलं की. काटवन लई. येक वघळ टेकाडाच्या अलीकडं, येक पलीकडं. कोनती कुनाची, दोन म्हातारी मानसं दोन गोष्टी सांगत्यात. म्हनून तर इथवर आलो. येकदा सोडल्यावर मागं आनता येत नाय, बाई."

आता शहाण्या माणसानं काय करावं? चाचांना हाक मारावी. चाचा जेवायला गेले होते, येईपर्यंत थांबावं. मी काय केलं? पेन्सिलीच्या मागच्या टोकानं माझी सुरेख रेघ दाखवली. वाडी, ओढा, इथं शिवना, इथं गंगा. वर आणि ऐटीत म्हणाले, "तुमच्या मास्तरांना सांगा, सरकारी नकाशा आहे."

दगडूबा उठून उभे राहिले. हात धोतराला पुसला. कापडाला बोट लावलं नाही; रेघेच्या वरून, अधांतरी, बोट फिरवत फिरवत गंगेपर्यंत नेलं आणि तिथं थांबवलं. बराच वेळ. "लई लांबचा पल्ला हाय," म्हणाले, आणि दोन्ही हात जोडून गेले. नमस्कार मला नव्हता, नकाशाला होता. मला तेव्हा तो माझाच वाटला.

श्रावण अर्धा उलटला, तेव्हा मी त्या कापडावर डोंगरांच्या रेषा घेतल्या. या रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडत गेलेली रेघ. टेकडी असली, की त्या एकात एक वर्तुळं होतात, कांदा चिरल्यासारखी. मी गिरवत गिरवत आले, तर एक लहानसा कांदा नेमका माझ्या ओढ्याच्या वाटेत. आणि त्या वेळच्या माझ्या अकलेचं कौतुक असं, की मी तोही मन लावून काढला. ओढा त्याच्या पोटातून आरपार गेलेला.

चाचा तपासायला आले. चष्मा वर केला, खाली केला.

"नदी पहाड चढती क्या, बेटी?"

त्यांनी मूळ नकाशा काढला, ब्लेडच्या टोकानं चिकटवलेला जोड हळूच उचकटला. खळीखाली दडपलेलं एक वळण निघालं, नखाएवढं. ओढा तिथं येऊन टेकाडाला अडतो, वळतो आणि परत उत्तरेला जातो. ते उत्तरेला जाणारं पाणी मी वेगळाच ओढा समजून काढलं होतं. मास्तर खरा होता.

चाचांनी माझ्यापुढं ब्लेड ठेवलं. कापडावरची रेघ ब्लेडनं खरवडून काढता येते. मला मात्र रेघ दिसेना, लिंबाला टांगलेलं फडकं दिसायला लागलं. मी त्यांना दगडूबांचं सगळं सांगितलं. आणि पुढं जे बोलले, ते अजून माझ्या कानात आहे. मी म्हणाले, "पण चाचा, त्यांना कुठं कळणार आहे?"

चाचांनी ब्लेड उचलून परत डबीत ठेवलं. "कागजपे ब्लेड चलता," ते म्हणाले, "उसके घरपे क्या चलाती? कल जाते."

त्या वर्षी वर पाऊस कमी होता. कन्नडपर्यंत एसटीत मी एकच घोकत होते, ओढा अजून कोरडा असू दे. पुढं बैलगाडी, मग चिखलातून पायी. वाडी जवळ आली तसा आवाज यायला लागला. ओढा वाहत होता. दगडूबांच्या दाराशी लिंब होता. मी फांद्या न् फांद्या पाहिल्या. फडकं नव्हतं.

दगडूबांना कोण आनंद. घोंगडी टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितला. "सोडली, बाई. पंचमीलाच सोडली. द्रोन बी सोडला संगं, लाह्या घालून. म्हनलं, आवंदा ती आन् लाह्या संगं जाऊ द्या." त्यांनी चाचांनाही सांगितलं, "या बाईनं वाट दावली बरं का." चाचांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

चहा आला. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. जोड, खळ, टेकाड, सगळं. मधेच रडेन असं वाटलं होतं, तसं झालं नाही. सून दारात थबकली. दगडूबा चहा बशीत ओतून घेत होते. ओतणं पुरं केलं. प्यायले नाहीत.

"दावा मला," म्हणाले.

ओढ्याच्या काठानं आम्ही तिघं निघालो. काटवनातून वाट काढत तासभर चाललो असू. ओढा सरळ दक्षिणेला तोंड करून चाललेला. कुणीही म्हणालं असतं, गंगेला निघालाय. मग ते टेकाड आलं. घरावरच्या माळ्याएवढं. माझ्या कापडावर ते तांदळाएवढं होतं. ओढा त्याच्या पायाशी आला, जरा घुटमळला आणि वळला. मी टेकाडावर चढले. पलीकडं, उताराच्या सुरुवातीलाच, गवतातून माझी ती दुसरी ओघळ निघाली होती. करंगळीएवढी धार. तीच शिवना होणार, गंगा होणार. दोन पाण्यांच्या मधे हे एवढं मातीचं ढेकूळ, आणि त्याच्यामुळं एक पूर्वेच्या समुद्राला, एक पश्चिमेच्या. मी इतकी वर्षं, म्हणजे दीड वर्ष, नद्या काढत होते आणि मला वाटत होतं, नदी म्हणजे रेघ. नदी म्हणजे उतार होता. जमिनीनं कुठं मान किती कलती केली, तेवढ्यावर सगळं ठरलेलं, आणि ते ठरलं तेव्हा आम्ही कुणीच नव्हतो. मी खाली बसले.

वळलेला ओढा पुढं हाकेच्या अंतरावर कड्यावरून खाली जात होता. दरी पश्चिमेला उघडी. तिथून वारा असा चढत होता, की चाचांनी टोपी खिशात घातली. आणि मग मी पाहिलं. ओढ्याचं पाणी कड्यावरून खाली उडी घेत होतं आणि वारा ते खाली जाऊच देत नव्हता. धार मधेच फुटायची, तिचा धूर व्हायचा आणि तो धूर उलटा वर यायचा, कड्याच्या वर, झाडांच्या वर, आणि टेकाडावर येऊन बारीक पावसासारखा आमच्या अंगावर पडायचा. आमच्या पाठीमागच्या उतारावरही पडायचा. गंगेच्या बाजूच्या गवताची पाती ओली होऊन वाकली होती.

माझा पदर भिजला, चाचांचा चष्मा पाण्यानं भरला. त्यांनी तो काढून हातात धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "ले बेटी. तेरी नदी पहाड चढ गई."

दगडूबा कड्याकडं तोंड करून उभे होते. पाणी त्यांच्या रुमालावर, मिशांवर, पापण्यांवर बसत होतं, ते पुसत नव्हते. मला वाटलं, आता म्हणावं, बघा बाबा, थोडी तरी तिकडंही जातेय. तोंडापर्यंत आलं होतं. पण एका सोयीच्या रेघेनं काय होतं, ते नुकतंच पाहून झालं होतं. मी गप्प राहिले. ते मात्र माझ्याकडं वळले आणि म्हणाले,

"ती माहेरी निघाली का आदी समद्या आळीत सांगत फिरायची, मंग वाट धरायची. वळसा तिला नवा नाय, बाई. तुमी तेवढी रेघ खोडा. दुसऱ्या कुनाची बायकू चुकाया नको."